पाठीवरचा भोपळा

आमच्या घरात पाडव्याच्या गाठीचा एक वेगळाच रिवाज होता. गुढीला बांधलेली साखरेची गाठी संध्याकाळी गुढी उतरवल्यावर लेकरांना वाटून देतात, तसं सगळीकडं असतं. आमच्याकडं ती अख्खी गाठी, त्या वर्षी जे पोर विहिरीत पोहायला शिकलं असेल त्याच्या गळ्यात पडायची. पाडव्याला दिवस कलला की नवं शिकलेलं पोर काठावरून उडी मारायचं, समोरच्या मोटरीच्या पाइपाला हात लावून परत यायचं, आणि ओल्या अंगानं माझ्या सासऱ्यांपुढं मान वाकवायचं. मग सासरे विहिरीच्या काठावर उभारलेली गुढी उतरवून गाठी त्याच्या गळ्यात घालायचे. हे त्यांनी कधी सुरू केलं मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते.

ही गोष्ट घडेपर्यंत गाठी मुलांनाच मिळालेली होती. दिराच्या दोघांना मिळाली आणि आदल्या वर्षी माझ्या धाकट्याला मिळाली. तो तेव्हा सात वर्षांचा. त्यानं ती गाठी महिनाभर पुरवली. रोज एक पदक चाटायचा, तेही मुद्दाम आपल्या बहिणीच्या समोर बसून.

माझी मुलगी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. मुलं विहिरीत असली की ती काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. मुलं खालून ओरडायची, "ए धोबीण, माझी चड्डी उन्हात टाक!" ती चड्डी उचलायची आणि मुद्दाम सावलीत टाकायची. एवढाच तिचा सूड.

ती चौथीत होती त्या वर्षीची ही गोष्ट. आमची जमीन शहराच्या कडेला, गंगापूरच्या बाजूला. वांगी, दुधी, कोथिंबीर, थोडी शेवंती असं काहीबाही लावायचं आणि पहाटे नाशिकच्या मार्केटात पाठवायचं. माझे मालक सातपूरला कारखान्यात पाळीला जायचे. शेत सासरे बघायचे, आणि त्यांच्या हाताखाली आम्ही दोघी जावा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

होळीला सायखेड्याहून आत्याबाई आल्या. त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. दरवर्षी होळीला यायच्या आणि पाडवा करून जायच्या. साठी ओलांडलेली, पण चालताना अशा चालायच्या की वाटेतली कोंबडी बाजूला व्हायची. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर डाळ निवडत होत्या, सासरे बाजेवर बसले होते, आणि माझी मुलगी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, यंदा मी शिकणार."

"काय शिकणार?"

"पोहायला."

सासरे हसले. "पोरींना काय करायचंय पोहून? गंगेपल्याड दुकान टाकायचंय का तुला?"

आत्याबाईंनी डाळीतला खडा उचलून अंगणात फेकला. "मग मी कोण रे? तुला याच विहिरीत ढकलून शिकवला कुणी? तुझ्या बापानं?"

"तुझी गोष्ट निराळी, अक्का. तू जन्मापासून बेडूक."

"मग हिला बी बेडूक करते पाडव्यापर्यंत. पंधरा दिस लय झाले."

बहिणीला नाही म्हणायची सासऱ्यांना सवय नव्हती. मग ते म्हणाले, "शिकव. पण एक अट हाय. तिच्या आईनं बी पाण्यात उतरायचं. तू पाडवा झाला की जाशील सायखेड्याला. पोरगी उद्या उठून उडी मारायला लागली आन् काय झालं, तर ही काय, पदर तोंडाला लावून वरनंच बघत बसंल? आई उतरली तर पोरगी उतरंल."

असं म्हणून ते पुन्हा हसले. कारण त्यांच्या हिशेबानं गोष्ट तिथंच संपली होती. घरात पाहुणे आले तर मी चहा जावेच्या हातून बाहेर पाठवत असे. बाजारात भाव विचारायचा तर मुलीला पुढं करत असे. आणि मी विहिरीत उतरणार!

मी आत चुलीपाशी होते. सगळं ऐकत होते. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली.

मुलगी आत आली. तिला काही मागायचं आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती मागत नव्हती. पाटावर बसली, करपलेली भाकरी तिनंच घेतली, आणि म्हणाली, "आई, तू नको उतरू. मी पुढच्या वर्षी शिकेन."

ती रडली असती तर मी तिला समजावलं असतं. पण तिनं मलाच समजावलं. पुढच्या वर्षीही मी उतरणार नाही, हे तिला नक्की माहीत होतं आणि तरी ती भाकरीचा काळा पापुद्रा काढत शांत बसली होती. तिच्याएवढी असताना माझी शाळा सुटली होती, आणि ओढ्यावर खेळायला जाणंही. तेव्हा मीही अशीच शांत बसले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंना हळूच म्हटलं, "तुमचं एखादं जुनं लुगडं द्याल का?"

"कशाला?"

"काष्टा घालायला. पाचवारीत पाय हलायचे नाहीत ना."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मिशरी लावलेले दात दाखवत इतक्या मोठ्यानं हसल्या की मी घाबरून दाराकडं बघितलं.

आता अडचण भोपळ्याची. मुलं पोहायला शिकायची ती ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन, आणि ट्यूब मुलांच्या ताब्यात. मागितली असती तर गावभर झालं असतं. आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला मी तळहातावर धरून शिकवीन, ती हलकी हाय. तुला मात्र भोपळा पायजे. तू अंगानं हलकी, पण भीतीनं जड."

वाळलेला दुधी भोपळा घरात एकच होता. चुलीच्या वर आढ्याला टांगलेला. तो सासऱ्यांचा बियाण्याचा भोपळा. त्यांच्या दुधीचं वाण त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. लांब, सरळ, मार्केटात बघताच उचलला जाणारा. दर वर्षी वेलावरचा सगळ्यात देखणा दुधी ते राखायचे, वाळवायचे आणि पावसाच्या तोंडावर स्वतःच्या हातानं फोडायचे. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही.

मी हात लावला. सासरे मार्केटात गेलेले बघून भोपळा खाली काढला. पाण्यात फुटला तर बी भिजेल, म्हणून देठाशी विळ्याच्या टोकानं रुपयाएवढं भोक पाडलं आणि झटकून झटकून सगळं बी काढलं. ते राखेत घोळवून फडक्यात बांधलं आणि धान्याच्या कोठीमागं ठेवलं. आता भोक बुजवायचं. आमच्याकडं बियाण्याचं मडकं बंद करायचं तर तोंडाला शेण आणि राख लिंपतात. वर्षभर आत मुंगीसुद्धा जात नाही. मी तसंच लिंपलं, दोन बोटं जाड. उन्हात वाळल्यावर टिचकी मारली तर दगडासारखं वाजलं. मला फार अभिमान वाटला.

पहिली संधी रंगपंचमीला मिळाली. नाशिकच्या जुन्या गावात त्या दिवशी रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला रंगाचा मोठा हौद, वर्षभर बुजवून ठेवलेला. त्यात उड्या मारणारी माणसं बघायला सासरे सगळ्या मुलग्यांना घेऊन गेले. जाऊबाई माहेरी. विहीर आम्हाला मोकळी.

मी भोपळा घमेल्यात ठेवला, वर गवत टाकलं आणि डोक्यावर घेऊन निघाले. गहू नुकताच काढला होता. मुलगी अनवाणी पायांनी धसकटं चुकवत पुढं उड्या मारत चाललेली. बांधावरच्या कडुनिंबाला तांबूस पालवी आलेली, खाली बारीक फुलांचा सडा. विहिरीच्या आठ पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, नवव्या पायरीवर पाणी होतं. दुपारी लाइट नसायची, त्यामुळं मोटर बंद आणि पाणी एकदम गप्प.

आत्याबाईंनी काष्टा आवळला, नाक दाबलं आणि वरूनच उडी मारली. त्या वर आल्या त्या पाठीवर पडून, दोन्ही हात डोक्याखाली घेऊन, जणू बाजेवर पडल्या आहेत.

"या गं! पाणी चावत नाय!"

मुलगी पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. मी नवव्या पायरीवर उभी राहिले. घोट्यापर्यंत पाणी. मग गुडघ्यापर्यंत. फाल्गुनातलं ऊन पाठीवर आणि पाणी बर्फासारखं. पाठीला धोतराच्या पट्टीनं भोपळा बांधलेला. कुणी बघत नव्हतं, तरी मी चार वेळा वर बघितलं.

"आई, तुझा भोपळा तुझ्याहून आधी पोहायला लागला बघ," मुलगी म्हणाली. खरंच, पाणी कमरेला लागताच भोपळा मला वर ओढत होता. मी पायरी सोडली.

तो पहिला क्षण मला आजही तसाच आठवतो. पायाखाली काही नव्हतं आणि मी बुडत नव्हते. मी हसले. विहिरीत हसू घुमतं, हे मला माहीत नव्हतं. माझं हसू एवढं मोठं ऐकून मीच दचकले.

त्यानंतर रोज दुपारी आमचं हेच चाललं. मुलांची शाळा सकाळची झाली होती. दुपारी जेवून मुलं चिंचेखाली विटीदांडू खेळायला पळाली की आम्ही तिघी वैरण आणायच्या नावानं निघायचो. आत्याबाई मुलीच्या पोटाखाली तळहात धरायच्या. "पाय झाड! मागं कुत्रं लागलंय समज! हात असा, पोळीवर तूप सारवल्यासारखा!" कधी हात काढून घ्यायच्या, मुलगी दोन हात मारायची आणि गटांगळी खायची. वर येऊन आधी खोकायची, मग विचारायची, "किती गेले मी?" परत येताना आम्ही केस सुकावेत म्हणून बांधाबांधानं धावायचो. मी आणि माझी मुलगी शर्यत लावून धावत होतो, आणि आत्याबाई मागून वैरणीचा भारा घेऊन ओरडत होत्या, "अगं, म्हातारीला तरी थांबा!" लग्नानंतर मी धावल्याचं मला आठवत नव्हतं. म्हशीमागं धावले असेन, तेवढंच.

संध्याकाळी भोपळा पुन्हा आढ्याला. भोक वरच्या बाजूला, म्हणजे खालून दिसू नये. भिजलेलं शेण जरा मऊ लागायचं. मी त्यावर रोज नवा हात फिरवायचे.

आठ दिवसांत मी भोपळ्याच्या जोरावर विहीर आरपार जाऊ लागले. मुलगी मात्र अडली होती. आत्याबाईंचा हात पोटाखाली असला की मासोळी, हात काढला की दगड. पाडवा दोन दिवसांवर आला होता. ती रात्री झोपेत पाय झाडायची. दिवसा मात्र म्हणायची, "नाही जमलं तर राहू दे आई. आपण उतरलो तरी ना."

त्या दिवशी मी विहिरीच्या मध्यावर होते. आत्याबाई पायरीवर बसून लुगड्याचा काष्टा नीट करत होत्या, मुलगी त्यांच्याशेजारी. एकाएकी मुलगी खदखदून हसायला लागली.

"आई, तुझ्या पाठीतून बुडबुडे येतायत!"

मला वाटलं, मासा असेल. मग माझ्याभोवतीचं पाणी हिरवट व्हायला लागलं. शेण! शेणाचं बूच पाण्यात विरघळत होतं. बुडुक बुडुक करत भोपळा पाणी प्यायला लागला. इतके दिवस मला वर धरणारा तो, आता मागून खाली ओढू लागला. मी तोंड उघडलं ते ओरडायला, आणि आत गेलं पाणी.

"पाय मार!" आत्याबाई ओरडल्या आणि अर्धवट काष्ट्यात उठताना त्यांचाच पाय लुगड्यात अडकला.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी पडलं. माझी मुलगी. पोटाखाली कुणाचा हात नाही, ट्यूब नाही, काही नाही. मान वर काढून, डोळे मोठे करून, ती कुत्र्यासारखे हात मारत माझ्याकडं येत होती. तोंडात तिच्या ओढणीचं टोक. आत्याबाईंनी शिकवलं होतं, बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, कापड द्यायचं. ती दोन हात लांब थांबली, ओढणी माझ्याकडं फेकली आणि म्हणाली, "आई, धर! आणि पाय झाड! मागं कुत्रं लागलंय समज!"

मी ओढणी धरली. पाय झाडले. कसे, ते विचारू नका. पाइपाला हात लागला तेव्हा कळलं की ओढणी केव्हाच सुटून पाण्यावर तरंगत होती. पाइपाला लटकून आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. तिच्या नाकातून पाणी गळत होतं.

"आई," ती म्हणाली, "मी आले ना एकटी?"

"आलीस."

"कुणी धरलं नव्हतं?"

"कुणीच नाही."

समोर आत्याबाई पायरीवर मटकन बसल्या होत्या. आधी त्यांनी देवाचं नाव घेतलं, मग मला एक शिवी दिली, मग हसायला लागल्या. "भोपळ्याला शेण लिंपतं का कुणी? पाणी भरलेला भोपळा पाठीवर घेऊन पोहलीस तू बये! आता रिकामी कशी बुडशील?"

भोपळा मी ओतून रिकामा केला आणि भीतीपोटी घाईघाईत उलटा, भोक खाली राहून, आढ्याला टांगला. संध्याकाळी सासरे जेवायला बसले. मी चुलीपाशी. वरून एक थेंब पडला, थेट निखाऱ्यावर. चुर्र. सासऱ्यांनी घास थांबवला. दुसरा थेंब. चुर्र. त्यांनी हळूच वर बघितलं, भोपळ्याकडं. मग माझ्या केसांकडं. ते अजून ओले होते. मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. आत्याबाई मोठ्यानं पावसापाण्याविषयी बोलायला लागल्या, चैत्र तोंडावर असताना. सासरे जेवून उठले.

पाडव्याला दिवस कलला. सगळे विहिरीवर जमले. मुलं काठावर ओळीनं बसली होती, यंदा कुणीच नवं नाही म्हणून कंटाळलेली. मुलगी पुढं झाली तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "ए धोबीण, तू कुठं चाललीस?" तिनं अंगावरची ओढणी काढून त्याच्या मांडीवर टाकली. "ही सांभाळ. उन्हात टाक," म्हणाली, आणि उडी मारली.

ती पाइपाला हात लावून परत आली. पोहणं काही देखणं नव्हतं, पण एकदाही थांबली नाही. तिच्या भावाच्या तोंडाचा आ झालेला. ओढणी त्यानं अजून हातात धरलेलीच होती. ती पायऱ्या चढून सासऱ्यांपुढं आली आणि मान वाकवली.

सासरे गाठी घ्यायला हलले नाहीत. "अट काय होती?" ते म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दीर होते, जाऊबाई होत्या, शेजारच्या मळ्यातली दोन माणसंही आली होती. माझे मालक पाळीवरून नुकतेच आलेले, डबा अजून हातात. माझ्या अंगावर आत्याबाईंचं लुगडं होतं, वरून पाचवारी गुंडाळलेली. आतून मी तयारीनं आले होते, पण पाय जागचे हलेनात. मुलगी ओल्या केसांतून माझ्याकडं बघत होती. तशीच, काही न मागता.

सासऱ्यांनी ते बघितलं असावं. ते उठले आणि विहिरीकडं पाठ करून, गुढीकडं तोंड करून बसले. "चला रे, सगळ्यांनी इकडं तोंड करा," ते म्हणाले. "गुढीकडं बघा. कुणी मागं वळलं तर पाठीत रट्टा. मी काय बघत नाय. आवाज आला की गाठी देतो."

शेजारची माणसं, दीर, मुलं, माझे मालक डब्यासकट, सगळे पाठ करून बसले. विहिरीकडं तोंड फक्त आत्याबाईंचं आणि माझ्या मुलीचं. मी पाचवारी सोडली, काठावर आले आणि नाक दाबलं.

आवाज फार मोठा झाला, असं नंतर सगळे सांगत होते. पाणी काठावर बसलेल्यांच्या पाठीपर्यंत उडालं. मी पाइपाला हात लावून परत आले, पाठीवर काहीही न बांधता. पायऱ्या चढताना मुलीनं लुगड्याचा पदर पिळून दिला. सासरे अजूनही गुढीकडंच बघत होते.

"सूनबाई," ते पाठमोरेच म्हणाले, "पुढल्या वेळेला मेण लाव. शेण पाण्यात राहत नाय. आन् बी कुठं ठेवलंय?"

"कोठीमागं," मी म्हटलं. पाहुण्यांसमोर मी बोललेला तो पहिला शब्द असावा. "राखेत."

"मग ठीक."

त्यांनी गुढी उतरवली. गाठी मुलीच्या गळ्यात घातली. तिनं ती लगेच तोंडात घेतली, भावाकडं बघत बघत. मग एक पदक तोडून माझ्या हातावर ठेवलं. विहिरीच्या पाण्यानं भिजलेली साखर लवकर विरघळते. मी ती तिथंच, सगळ्यांसमोर उभी राहून खाल्ली.